नऊ जणांचा सोल बँड की पाच जणांचा? माणसं मोजायच्या आधी हॉल बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बहिणीच्या लग्नाचं रिसेप्शन आहे, साधारण २०० पाहुणे, बहीण आणि होणारे भावोजी दोघंही जुन्या सोलचे (साठ-सत्तरच्या दशकातलं अमेरिकन कृष्णवर्णीयांचं ठेकेदार संगीत) वेडे आहेत पण बाकीच्यांचं तसं नाही, दोन बँडकडून आकडे आलेत, एक ९ जणांचा आणि दुसरा ५ जणांचा, दुसरा जवळपास अर्ध्या पैशात, व्हिडिओ दोघांचेही मस्त दिसतात, तर मोठा बँड घेणं वर्थ आहे का की सरळ डीजे बोलवावा. मी बेस वाजवते, १९ वर्षं झाली, त्यातली शेवटची ११ वर्षं स्वतःचा सोल-फंक बँड चालवतेय आणि आमची निम्म्याहून जास्त कामं रिसेप्शनचीच असतात. तुम्हाला ज्यांनी आकडे पाठवलेत त्यांच्या जागी मी दर आठवड्याला असते, म्हणून आतली बाजू सांगते.

मला वाटतं तुम्ही ९ की ५ विचारताय पण तुमच्या मनात भीती वेगळी आहे, की एवढा खर्च करून पाहुणे खुर्च्यांवरच बसून राहिले तर काय. ती भीती अगदी बरोबर आहे. फक्त ती ४ माणसं वाढवून जात नाही. मी १० जणांच्या बँडसमोर रिकामा फ्लोअर पाहिलाय आणि ५ जणांच्या बँडसमोर लोकांनी बूट काढून ठेवलेले पाहिलेत. फरक कशाने पडतो ते मी माझ्या अनुभवातून सांगते, पण बरंच काही तुमच्या हॉलवर आणि वेळापत्रकावर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मी "असं असेल तर असं" एवढंच सांगू शकेन.

आधी बहिणीला एक गोष्ट विचारा, तिला सोल म्हणजे नक्की कुठलं सोल आवडतं. हा प्रश्न हौशी वाटेल पण माणसं किती लागणार ते यावरच ठरतं. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड्स या कंपनीचा घरचा बँड होता बुकर टी अँड द एमजीज, तो चौघांचा, ऑर्गन गिटार बेस ड्रम्स, बस. गायक ऑटिस रेडिंगच्या मागे तेच वाजवायचे. त्या गाण्यांत मोकळी जागा भरपूर आहे, कोणी उगाच वाजवत नाही, म्हणून ५-६ जण ते संगीत प्रामाणिकपणे उभं करू शकतात. वेन जॅक्सनचा ट्रम्पेट आणि अँड्र्यू लव्हचा टेनर सॅक्स ही जोडी पुढे मेम्फिस हॉर्न्स म्हणून गाजली, म्हणजे दोनच माणसं पण ऐकताना हॉर्नचा, म्हणजे ट्रम्पेट-सॅक्ससारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांचा, अख्खा सेक्शन वाटतो. उलट डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं संगीत घ्या, कंपनी १९५९ मध्ये बेरी गॉर्डीने सुरू केली, तिथे एकाच गाण्यात दोन-तीन गिटार, टॅम्बोरिन, व्हायब्राफोन, मागे गाणाऱ्यांचा ताफा, वर व्हायोलिन्स, ते ५ जणांत वाजवलं की पोकळ वाटतं, मागे कोरसला किमान दोन आवाज तरी लागतातच. सत्तरच्या दशकातलं फिलाडेल्फियाचं सोल तर त्याहून भरगच्च, तिथे लहान बँड रेकॉर्डेड ट्रॅक लावणार हे धरून चाला. आणि गायक जेम्स ब्राउनच्या वळणाचं फंक, म्हणजे सोलमधूनच निघालेलं ठेक्यावर भर देणारं संगीत, आवडत असेल तर हॉर्न हवेतच, कारण तिथे हॉर्न नुसती सजावट करत नाहीत, ते ड्रम्ससारखे ठेका मारतात, समेवर सगळे एकदम पडतात आणि तो धक्काच लोकांना उठवतो. तेव्हा बहिणीच्या आवडीची १५ गाणी लिहून घ्या आणि ती यातल्या कुठल्या गावची आहेत ते बघा. अर्धा निर्णय तिथेच होईल.

आता बँड कसा ओळखायचा. व्हिडिओ दोघांचेही मस्त दिसणारच, कारण प्रोमो व्हिडिओ बहुतेक वेळा स्टुडिओत रेकॉर्ड करून वर चित्रीकरण चढवलेले असतात, आमचाही तसाच आहे, त्यात फसवणूक नाही पण त्यावरून त्या रात्री काय ऐकू येणार ते कळत नाही. दोन्ही बँडकडे खऱ्या रिसेप्शनचं, एकाच फोनवर घेतलेलं, न कापलेलं १० मिनिटांचं शूटिंग मागा. आवाज वाईट असला तरी चालेल. ते हेडफोन लावून ऐका आणि गाणाऱ्याकडे मुद्दाम दुर्लक्ष करा, फक्त ड्रम्स आणि बेस ऐका. सोलमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) पडतो, तिथे टाळी वाजवत बसा आणि बघा, ती टाळी गाणं संपेपर्यंत आरामात बसते का, की धृपद आलं की बँड पळायला लागतो आणि तुमची टाळी मागे राहते. चांगला सोल बँड मधल्या लयीत ओळखू येतो, मिनिटाला १०० ते ११५ बीटच्या आसपास. जोरात आणि भरभर कोणीही वाजवेल, पण त्या लयीत न घाई करता बसून राहणं फार कठीण आहे आणि बघणाऱ्याचे पाय नेमके तिथेच हलायला लागतात. मी नवीन ड्रमर घेताना त्याच्याकडून अशाच लयीचं एक गाणं १० मिनिटं नुसतं वाजवून घेते, एकही फिल (मधली सजावटीची ड्रमची तुकडी) न मारता.

त्याच शूटिंगमध्ये दोन गाण्यांच्या मधे काय होतं तेही बघा. रिकामा फ्लोअर खूपदा तिथेच तयार होतो! गाणं संपतं, गिटारवाला ट्यून करतो, कोणीतरी पाणी पितं, पुढचं कुठलं यावर कुजबुज होते, ४० सेकंद जातात आणि लोक खुर्चीकडे वळतात. गेलेला माणूस परत आणायला दोन गाणी खर्ची पडतात. मुरलेला बँड शेवटचा सूर विरायच्या आधीच पुढचा ठेका धरतो, किंवा ३-४ गाणी एकमेकांत ओवून घेतो.

मग ट्रॅकचं विचारा, सरळ विचारायचं, "हॉर्न किंवा कोरस रेकॉर्डेड वाजवता का?" हो म्हणाले म्हणून लगेच वाईट समजू नका, मी स्वतः काही कामांत वापरलेत. पण त्याची किंमत काय ते माहीत हवं. ट्रॅक चालू असला की गाण्याची लांबी आधीच ठरलेली असते, ३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे तेवढीच, मग समोर शंभर माणसं रंगात आलेली असोत की तुमची आजी पहिल्यांदाच फ्लोअरवर आलेली असो. सगळे प्रत्यक्ष वाजवत असतील तर बँडलीडर एक बोट फिरवतो आणि तेच धृपद अजून चार वेळा होतं. लाइव्ह बँडचे जास्तीचे पैसे तुम्ही खरं तर याच्यासाठी देता.

मला विचाराल तर २०० पाहुण्यांना, हॉल मध्यम असेल तर, मी ६ किंवा ७ जण सांगेन. ड्रम्स, बेस, गिटार, कीबोर्ड, एक मुख्य गायक किंवा गायिका, आणि दोन हॉर्न, ट्रम्पेट आणि टेनर सॅक्स. शक्य असेल तर गिटार किंवा कीबोर्डवाला कोरस धरणारा. दोन हॉर्न एकमेकांशी सूर जुळवून वाजले की कानाला सेक्शन वाटतो, तिसरा ट्रॉम्बोन आला की त्याला अंग येतं, ते सुंदरच असतं पण ती चैन आहे. एकटा सॅक्स मात्र घेऊ नका, तो गाण्यांच्या मधे सोलो वाजवत राहतो आणि सोलपेक्षा लाउंजचा भास होतो. दोन्ही बँडना विचारा की मधला आकडा करता येईल का, बहुतेक बँड ५, ७, ९ अशा सगळ्या आकारांत येतात, फक्त मेलमध्ये ते लिहीत नाहीत. ९ चा बँड ७ वर येताना आधी एक गाणारा कमी करायला सांगा, हॉर्न नाही. आणि कुठल्याही परिस्थितीत ड्रमर आणि बेस त्यांचे नेहमीचेच पाहिजेत, हे करारात लिहून घ्या. आमच्या धंद्यात बदली माणूस पाठवणं सर्रास चालतं, एखाद्याला मोठं काम मिळालं की तो दुसऱ्याला पाठवतो, आणि बदली ट्रम्पेटवाला कागदावरचं वाचून छान वाजवून जातो, पण ठेका धरणारे दोघं एकमेकांना नवीन असतील तर अख्खी रात्र अवघडलेली जाते.

आता हॉल, ज्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही आणि जिथे माझ्या मते सगळ्यात जास्त चुका होतात. ड्रम किटला साधारण २ मीटर बाय २ मीटर जागा लागते, ७ जणांना मी ६ बाय ४ मीटर मागते, ९ जणांना त्याहून जास्त. त्याहून लहान स्टेज असेल तर हॉर्नवाले बाजूला जमिनीवर उभे राहतात आणि ड्रमरशी त्यांची नजरानजर होत नाही, वाजवण्यात ते ऐकू येतं. बँडच्या पुढ्यात लगेच डान्स फ्लोअर हवा, मधे टेबलं नकोत. फ्लोअर थोडा लहानच बरा, माझ्या अंदाजाने एका वेळी फार तर एक तृतीयांश पाहुणे नाचत असतात, त्यांच्यासाठी ६ बाय ६ मीटर पुरतो, आणि ३० माणसांनी भरलेला दिसणारा फ्लोअर बाकीच्यांना ओढून आणतो. मोठ्या मोकळ्या फ्लोअरवर पहिलं पाऊल टाकायला कोणीच धजत नाही.

हॉलवाल्यांना एक नक्की विचारा, तुमच्याकडे साउंड लिमिटर आहे का आणि तो किती डेसिबलवर लावलाय. हे यंत्र भिंतीवर असतं, आवाज मर्यादेवर गेला की लाल दिवा लागतो आणि काही सेकंदांत आवाज खाली आला नाही तर स्टेजची वीजच कापतं. आमच्यासोबत हे झालंय. नवरा-नवरीचं पहिलं गाणं, आम्ही ८ जण, शेवटच्या धृपदाला सगळ्या पाहुण्यांनी टाळ्या शिट्ट्या सुरू केल्या आणि त्या टाळ्यांच्या आवाजानेच यंत्राने वीज कापली. बेस, कीबोर्ड, माइक सगळं बंद, फक्त ड्रम्स आणि दोन हॉर्न चालू. आम्ही तसंच वाजवत राहिलो, गायिका माइकशिवाय गायली, लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, पण त्या नवरीचा चेहरा एक क्षण उतरलेला मी पाहिला आणि तो अजून विसरता येत नाही. बुकिंग घेताना हॉलला एक फोन करायला हवा होता, मी केला नव्हता. तेव्हापासून मी हे विचारल्याशिवाय आकडासुद्धा देत नाही. लिमिटर ९० च्या आसपास असेल तर ९ जणांचा बँड विसरा, साधे ड्रम्स एकटेच तिथे पोचतात. अशा हॉलला लहान बँड घ्या, ड्रमरला इलेक्ट्रॉनिक किट वापरायला सांगा किंवा जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीने वाजवायला सांगा, आणि सगळ्यांनी स्वतःचं वाजवणं ऐकायला कानात घालायचे मॉनिटर (इअरफोन) वापरायचे म्हणजे त्यासाठीचे स्टेजवरचे स्पीकर लागत नाहीत. सोल हळू आवाजातही वाजतं बरं का, सत्तरच्या सुरुवातीला मेम्फिसमध्येच निर्माता विली मिचेलने गायक अल ग्रीनची जी गाणी केली ती किती दबक्या आवाजात आहेत ते ऐका, ड्रमर जणू हात आखडून वाजवतोय आणि तरी अंगात ठेका भरतो.

लिमिटर नसला तरी आवाजाचा विचार करा, कारण २०० माणसांत वयस्कर आणि लहान मुलंही असणार. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस आहे की ८५ डेसिबल ८ तासांपर्यंत ठीक, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे ९४ ला १ तास आणि १०० ला १५ मिनिटं. स्टेजच्या पुढ्यात बँड सहज ९५ च्या वर असतो. नाचणारे येत-जात राहतात पण टेबलावर बसलेली आजी तीन तास तिथेच असते. तेव्हा स्पीकर फ्लोअरकडे वळलेले आणि थोडे उंच, वयस्कर मंडळी आणि लहान मुलं लांबच्या कोपऱ्यात, आणि हॉलमध्ये काच आणि गुळगुळीत फरशी जास्त असेल तर मोठा बँड शक्यतो टाळा, तिथे आवाज भिंतींवरून परत येतो आणि सगळं गढूळ होतं, मग गायिकेचा शब्द कळावा म्हणून साउंडवाला आवाज वाढवतो आणि अजूनच गढूळ होतं. जड पडदे असतील तर ते ओढून घ्यायला सांगा, फरक पडतो. साउंड इंजिनिअर बँडचाच असेल तर फार बरं, त्याला गाणी पाठ असतात, सोलो कधी येणार ते माहीत असतं. पैसे कमी करायचे असतील तर एक वादक कमी करा पण हा माणूस ठेवा. विजेचं एवढंच, स्टेजची लाइन दिव्यांपासून आणि स्वयंपाकघरापासून वेगळी मागा, नाहीतर स्पीकरमधून रात्रभर घुंइं येत राहतं.

इथपर्यंतचं एकत्र धरलं तर क्रम असा होतो की आधी गाणी, मग हॉलचं माप आणि लिमिटर, मग ठेका तपासून बँड, आणि शेवटी किती जण.

वेळेचंही सांगते. ७ जणांना सामान लावायला आणि साउंडचेकला मिळून किमान अडीच तास लागतात, आणि साउंडचेक पाहुणे यायच्या आधी संपला पाहिजे, कारण रिकाम्या हॉलमध्ये ड्रमर एकच स्नेअर ५ मिनिटं मारत असतो ते कोणालाही ऐकवत नाही. त्याच दिवशी आधी दुसरा कार्यक्रम असेल आणि हॉल उशिरा मिळणार असेल तर ९ जणांचा बँड घेणं धोक्याचं आहे. वाजवण्याचं म्हणाल तर ४५ ते ५० मिनिटांचे दोन सेट बास. आकडा आला की "तीन तास लाइव्ह" वगैरे वाचून हुरळू नका, तीन तासांत खरं वाजवणं किती मिनिटं ते विचारा. पहिला सेट जेवण चालू असताना कधीच नको, जेवताना हवंच असेल तर कीबोर्ड, गिटार आणि एक आवाज एवढेच हळू वाजू देत. भाषणंही सेटच्या मधे घुसवू नका, सगळी आधी उरकून घ्या, एकदा फ्लोअर तापला की माइक कोणाकडे गेला नाही पाहिजे.

गाण्यांची यादी बँडवर सोपवा. मला माहितीये हे जड जातं, पण ४० गाण्यांची क्रमवार यादी हातात दिली की बँडलीडरने समोर बघून निर्णय घ्यायचा रस्ताच बंद होतो. ५ हवीतच अशी गाणी द्या, ५ अजिबात नकोत अशी द्या. आणि तुम्ही लिहिलंय की बाकीच्यांना सोल फारसं माहीत नाही, त्याची काळजी करू नका, फक्त सुरुवात ओळखीच्या गाण्यांनी करायची आणि बहिणीची खास दर्दी गाणी दुसऱ्या सेटच्या मध्यावर, तोपर्यंत लोक विश्वास ठेवून नाचत असतात.

पहिलं गाणं बँडच्या यादीत नसेल तर निदान ६ आठवडे आधी कळवा, आणि कुठल्या गायकाचं कुठलं रेकॉर्डिंग ते लिंकसकट. गायिकेला मूळ पट्टी झेपत नसेल तर पट्टी बदलावी लागते, आणि पट्टी बदलली की ट्रम्पेट आणि सॅक्सचे स्वरलिपीचे कागद नव्याने लिहावे लागतात, ते काम दिसत नाही पण वेळ खातं. बहीण-भावोजी त्या गाण्यावर स्टेप्स बसवत असतील तर ते मूळ रेकॉर्डिंगवर सराव करणार, म्हणून बँडकडून त्यांच्या लयीतलं साधं फोन रेकॉर्डिंग मागून घ्या आणि त्यावर सराव करू दे, मी हे न मागताच पाठवते.

डीजेचं म्हणाल तर तो बँडला पर्याय समजू नका. बँडचे दोन सेट, मधे आणि शेवटी डीजे, हे सगळ्यात छान चालतं, आणि पैसे खरंच ताणले जात असतील तर वाईट ९ जणांच्या बँडपेक्षा चांगला डीजे आणि सोबत एक लाइव्ह सॅक्स असं करा, डीजेच्या ठेक्यावर एकटा सॅक्स शोभतो.

करारात बँड कधी येणार, किती मिनिटं वाजवणार, उशीर झाला तर जास्तीच्या तासाचा दर, साउंड कोणाचं, प्रवास आणि राहणं कोणाकडे, आगाऊ किती आणि कार्यक्रम रद्द झाला तर किती परत, मुख्य गायिका आजारी पडली तर कोण, एवढं लेखी असू द्या. सार्वजनिक ठिकाणी संगीत वाजवण्याचा परवाना हॉलकडे आहे की तुम्हाला काढावा लागतो तेही हॉलवाल्यांनाच विचारा. आणि वादकांच्या जेवणाची वेळ ठरवून टाका, पहिल्या सेटच्या आधी, हॉर्नवाले भरल्या पोटी लगेच वाजवू शकत नाहीत, त्यांना तासभर तरी द्या.

हॉलला फोन करून स्टेजचं माप, लिमिटरचा आकडा आणि हॉल किती वाजता ताब्यात मिळणार हे तीन आकडे कळले की बहिणीच्या १५ गाण्यांसोबत इथेच टाका, मग ५, ७ की ९ ते मी तुम्हाला नक्की सांगते.